‘कॅमेरा’ची खोली: एका लॅटिन शब्दाचा युरोपभर माग कसा काढावा

मराठी वर्तमानपत्रांत दोन तऱ्हेच्या बातम्या नेहमी येतात. एकीत लिहिलेले असते, ‘प्रकरण संवेदनशील असल्याने न्यायालयाने इन कॅमेरा सुनावणी घेतली.’ दुसरीत असते, ‘नातेवाइकांच्या मागणीवरून मृतदेहाचे इन कॅमेरा शवविच्छेदन करण्यात आले.’ पहिल्या बातमीत कॅमेरा सोडाच, पत्रकारालाही दाराबाहेर उभे केलेले असते. दुसऱ्या बातमीत खरोखरचे चित्रीकरण चालू असते. शब्द तेच, अर्थ एकमेकांच्या उलट. कायद्यातले ‘इन कॅमेरा’ हे लॅटिन आहे, अर्थ ‘खोलीत’, म्हणजे न्यायाधीशांच्या दालनात, दार लावून. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७(२) मध्ये बलात्काराच्या खटल्यांसाठी अशाच सुनावणीची तरतूद होती. शवविच्छेदनातला अर्थ मात्र ‘कॅमेऱ्यासमोर’ असा आहे आणि तो आपल्याकडच्या वापरात रुजला आहे.

खोली आणि यंत्र, दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आली आहेत. त्याच शब्दातून कॉम्रेड आला, चेंबर आले, स्पेनमधला वेटर आला आणि पोलंडमधला मोबाइल फोनही आला. अशा शब्दाचा माग घरबसल्या कसा काढायचा, ते या लेखात ‘कॅमेरा’ हाताशी धरून पायरीपायरीने पाहू. लॅटिन यायला हवे असे नाही. एक वही, इंटरनेट आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो.

पायरी १: रूपे जमवा, गोष्ट जमवू नका

नवखा माणूस पहिल्या दिवशीच गोष्ट शोधायला लागतो: हा शब्द असा निघाला, मग तिकडे गेला, मग त्याचे असे झाले. ती घाई टाळा. सुरुवातीला नुसती रूपे गोळा करायची. वहीत सहा रकाने आखा: रूप, भाषा, आजचा अर्थ, पहिली लेखी नोंद, कोणत्या वाटेने आला, आणि शेवटी खात्री किती. शेवटचा रकाना बहुतेक लोक आखतच नाहीत आणि पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

‘कॅमेरा’साठी पहिल्या बैठकीत साधारण असा ऐवज हाती लागतो. इटालियनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे खोली. रोमच्या हॉटेलात हा शब्द उच्चारलात तर समोरचा माणूस किल्ल्यांकडे बघेल, तुमच्या गळ्यातल्या यंत्राकडे नाही. फ्रेंचमध्ये झोपायची खोली ‘शाँब्र’, आणि चित्रीकरणाचे यंत्र ‘कामेरा’. स्पॅनिशमध्ये ‘कामारा’ हे यंत्रही आहे आणि संसदेचे सभागृहही, पण राहायच्या साध्या खोलीला तिथे दुसराच शब्द आहे. जर्मनमध्ये ‘कामर’ म्हणजे छोटी खोली, कोठीघर, व्यावसायिकांची अधिकृत संस्था, शिवाय हृदयाचा कप्पा. डच लोक आपल्या संसदेच्या दोन सभागृहांना ‘पहिली कामर’ आणि ‘दुसरी कामर’ म्हणतात. रशियनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे तुरुंगाची कोठडी, स्टेशनवरची सामान ठेवायची खोली, टायरची ट्यूब आणि चित्रीकरणाचे यंत्र, चारही. आयरिशमध्ये खोलीला ‘शोमरा’ म्हणतात, माल्टाच्या भाषेत ‘कामरा’, बास्कमध्ये माळ्यावरच्या खोलीला ‘गान्बारा’.

सगळ्यात मजेशीर हंगेरियन. ती भाषा लॅटिनच्या कुळातली नाहीच, तरी तिने हा शब्द तीनदा उचलला: ‘कॉम्रॉ’ म्हणजे कोठीघर, ‘कॉमॉरॉ’ म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्समधले चेंबर, आणि ‘कॉमेरॉ’ म्हणजे कॅमेरा. तीन वेळा, तीन वेगळ्या दारांनी. अशी जोडी किंवा तिळे दिसले की वहीत लाल खूण करा, पुढे फार उपयोगी पडतात.

रूपे शोधायला विक्शनरी वाईट नाही, पण ती पहिल्या चाचपणीपुरतीच. नोंद पक्की करायची तर त्या त्या भाषेचा कोश उघडा. लॅटिनसाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९चा कोश पर्सियस या संकेतस्थळावर मोफत आहे. फ्रेंचसाठी सीएनआरटीएल आणि जर्मनसाठी डीडब्ल्यूडीएस या संकेतस्थळांवर शब्दाच्या इतिहासासकट नोंदी मिळतात. फ्रेंच येत नसेल तरी यंत्रानुवाद लावून तारखा वाचता येतात, आणि आपल्याला मुख्यतः तारखाच हव्या असतात.

पायरी २: लॅटिनमधला त्या वेळचा अर्थ बघा

इथे एक साधा नियम आहे. मूळ शब्दाचा अर्थ आजच्या अर्थावरून ओळखायचा नाही, त्या काळच्या लिखाणात बघायचा. लॅटिन ‘कामेरा’चा जुना अर्थ खोली नव्हता. तो होता कमानदार छत. वास्तुशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हित्रुव्हियस आपल्या सातव्या खंडात कामेरा कसे करायचे ते सांगतो: लाकडी पट्ट्या कमानीच्या आकारात बसवायच्या, त्यांना बोरू बांधायचे आणि खालून गिलावा करायचा. म्हणजे घराच्या आत टांगलेले गोलसर छत. त्याला खोलीशी कर्तव्य नाही, डोक्यावर काय आहे तेवढ्याशीच कर्तव्य आहे.

लॅटिनने हा शब्द ग्रीककडून घेतला. ग्रीक ‘कामारा’ म्हणजे वरून गोल आच्छादन असलेली वस्तू. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस बॅबिलोनच्या श्रीमंत स्त्रियांचे वर्णन करतो, त्या झाकलेल्या गाडीतून देवळात येतात. त्या गाडीला तो हाच शब्द वापरतो. आणखी एक अर्थ तर अनपेक्षित आहे. काळ्या समुद्रावरचे चाचे ज्या अरुंद, हलक्या नावांतून फिरत त्यांनाही कामारा म्हणत. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की तशा एका नावेत पंचवीसेक माणसे मावत. रोमन इतिहासकार टॅसिटसनेही त्यांचा उल्लेख केला आहे, आणि लाटा चढल्या की फळ्या वरपर्यंत लावून ती नाव छपरासारखी बंद करता येई, असे त्याने सांगितले आहे. गाडी, नाव, छत. तिन्हींत समान धागा एकच: वरून वळवून आणलेले आच्छादन.

छतावरून खोलीवर जाणे अवघड नाही. कमानदार छताची खोली, मग कसल्याही छताची खोली. हा बदल रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात पक्का झालेला दिसतो. त्याच सुमाराची एक गमतीची नोंद आहे. ‘प्रोबसची पुरवणी’ म्हणून ओळखली जाणारी चुकांची एक यादी आहे. कुणा मास्तराने लिहावी तशी, ‘असे म्हणा, तसे नको’. तिच्या तारखेबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, पण तिच्यात आपला शब्द आहे: ‘कामेरा म्हणा, काम्मारा नको.’ शुद्धलेखनाचा असा आग्रह धरावा लागला, याचाच अर्थ लोक सर्रास मधला ‘ए’ सोडून ‘आ’ म्हणत होते. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये आजही तो ‘आ’ टिकून आहे. मास्तर हरले, हे बरेच झाले. भाषेच्या इतिहासाला अशा चुकांच्या यादीसारखा पुरावा नाही.

पायरी ३: ध्वनी तपासा, इथे आंबा कामी येतो

आता खरा कस. ‘कामेरा’चे फ्रेंचमध्ये ‘शाँब्र’ कसे झाले? दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतील: सुरुवातीच्या ‘का’चा ‘शा’ कसा झाला, आणि हा मधला ‘ब’ कुठून उपटला.

ब आधी घेऊ, कारण तो आपल्या घरचाच आहे. लॅटिन शब्दातला मधला दुबळा स्वर गळाला आणि ‘काम्रा’ राहिले. म् नंतर लगेच र म्हणताना ओठ मिटलेले असतात, ते उघडताना मध्ये आपोआप ब उमटतो. स्वतः जोरात ‘म्र, म्र’ म्हणून पाहा. आता संस्कृत ‘आम्र’ घ्या. प्राकृतात त्याचे ‘अंब’ झाले आणि मराठीत ‘आंबा’. ‘ताम्र’चे ‘तांबे’ तसेच. आंब्यातला ब आणि शाँब्रमधला ब हे एकाच ओठांच्या सवयीतून आलेले आहेत, कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. न आणि र यांच्यामध्ये तसाच द येतो: लॅटिन ‘तेनेर’, म्हणजे कोवळा, याचे फ्रेंच ‘ताँद्र’ झाले आणि आपल्याकडे ‘वानर’चे ‘वांदर’. हे एकदा लक्षात आले की ‘नुमेरुस’वरून फ्रेंच ‘नोंब्र’ का आणि ‘हुमिलिस’वरून इंग्रजी ‘हंबल’ का, हे कोश न उघडता सांगता येते.

का-चा शा हा उत्तर फ्रान्सच्या भाषेचा ठसा आहे. लॅटिनमध्ये ‘का’ने सुरू होणारे शब्द तिथे आधी ‘चा’ झाले आणि साधारण तेराव्या शतकात ‘शा’. याचा एक सुंदर उपयोग होतो. इंग्रजीत शिरलेला फ्रेंच शब्द ‘च’ने सुरू होत असेल तर तो बहुधा लवकर आला, ‘श’ने होत असेल तर उशिरा. चेंबर, चेअर, चीफ हे जुने. शेफ, शॅम्पेन, शोफर हे नवे. चीफ आणि शेफ तर मुळात एकच शब्द, लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोके. हॉटेलात दोघे एकत्र येतात तेव्हा चारपाचशे वर्षांच्या अंतराने आलेले दोन भाऊ भेटतात. फ्रेंचमध्ये ‘शाँब्र’ अकराव्या शतकापासून सापडतो, इंग्रजीत ‘चेंबर’ तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून. तारखा आणि ध्वनी एकमेकांना दुजोरा देतात. असा दुजोरा मिळाला की खात्रीच्या रकान्यात ‘पक्के’ लिहायला हरकत नाही.

एक सावधगिरी. जर्मन ‘कामर’मध्ये क टिकला, म्हणून तो फार जुना, असा निष्कर्ष काढू नका. ‘आ’च्या आधीचा क बहुतेक ठिकाणी टिकलाच होता. तसा पुरावा ‘केलर’ म्हणजे तळघर किंवा ‘कायझर’ देतात, कारण तिथे नंतरच्या लॅटिनमध्ये क उरला नव्हता. तो टिकलेला दिसतो, म्हणजे उसनवारी त्याआधीची. ‘कामर’साठी जुन्या जर्मन हस्तलिखितांतल्या नोंदी बघाव्या लागतात.

पायरी ४: तोंडातून आला की पुस्तकातून?

आपल्याकडे जी तत्सम-तद्भव विभागणी शाळेत शिकवतात, ती इथे जशीच्या तशी लागू पडते. ‘शाँब्र’ हा तद्भव: पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून झिजलेला. फ्रेंच ‘कामेरा’ हा तत्समासारखा: विद्वानांनी, तंत्रज्ञांनी लॅटिन रूप उचलून पुन्हा आणलेला. मराठीत ‘अग्नी’ आणि ‘आग’ जसे शेजारी नांदतात, तसेच हे.

रोमेनियनमध्ये ही जोडी घरातच दिसते. ‘कमारा’ म्हणजे कोठीघर, ‘कामेरऽ’ म्हणजे राहायची खोली. झिजलेला शब्द डाळ-तांदळाकडे गेला आणि नवा दिवाणखान्यात बसला. युरोपात हे पुष्कळदा होते. जुन्या रूपाला घरकाम मिळते आणि पुस्तकी रूपाला मान. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डमध्ये ‘रॅडक्लिफ कॅमेरा’ नावाची इमारत आहे, १७३७ ते १७४९ या काळात बांधलेली, गोल आणि घुमटाची. पर्यटक तिथे फोटोचे संग्रहालय शोधतात. ते वाचनालय आहे. नाव थेट लॅटिनमधून घेतले आहे आणि छत खरोखरच गोल आहे. व्हित्रुव्हियसला ते नाव पटले असते.

पायरी ५: अर्थाची साखळी जोडा

ध्वनीचे नियम काटेकोर असतात, अर्थाचे नसतात. म्हणून इथे कल्पना मोकाट सुटते. लगाम एकच: प्रत्येक दोन अर्थांच्या मधला दुवा लिखाणात सापडला पाहिजे, निदान त्या काळच्या व्यवहारात तरी दिसला पाहिजे.

खोलीपासून निघणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत. राजाची खासगी खोली घ्या. तिथेच तिजोरी असायची, म्हणून मध्ययुगात ‘कामेरा’ म्हणजे राजाचा खजिना. जर्मनीत शहराच्या खजिनदाराला अजून ‘केमरर’ म्हणतात. प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने १७२७ मध्ये हाले आणि ओडरकाठच्या फ्रँकफर्ट येथे ‘कामेरा’च्या विद्येची, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची आणि कारभाराची, अध्यासने काढली. त्याच खोलीत बसून राजाचे कान भरणाऱ्यांना स्पेनमध्ये ‘कामारिया’, म्हणजे ‘छोटी खोली’, म्हणू लागले. सातव्या फर्नांडोच्या दरबारातल्या कंपूमुळे हा शब्द गाजला. मराठीत त्याला चांडाळचौकडी हा प्रतिशब्द आहेच.

त्या खोलीत सेवा करणारा तो ‘कामारेरो’. मुळात सरदाराच्या शयनगृहातला सेवक, आजच्या स्पेनमध्ये हॉटेलात पाणी आणून देणारा वेटर. पोलंडमध्ये त्याच कुळातल्या ‘कोमोर्निक’चे नशीब वेगळे निघाले, तो आज जप्ती आणणारा न्यायालयाचा अधिकारी आहे. एक पाणी आणतो, दुसरा पाणी पाजतो. रशियात झार पीटर द ग्रेटच्या सुधारणांबरोबर दरबारी हुद्दे जर्मन नावांसकट आले, त्यांतला ‘कामर-युंकर’ हा हलका हुद्दा १८३३च्या अखेरीस कवी पुश्किनला दिला गेला. तो सहसा पोरसवदा तरुणांना मिळत असे, पुश्किन चौतिशीचा होता. त्याला तो अपमान वाटला.

खोलीत जमणारी माणसे म्हणजे सभा. इटलीची ‘कामेरा देई देपुताती’, फ्रान्समधल्या जुन्या ‘शाँब्र’, व्यापाऱ्यांच्या संस्था. व्यापाऱ्यांचे पहिले चेंबर मार्सेय बंदरात १५९९ मध्ये निघाले. मुंबईत ते १८३६ मध्ये आले, पुण्यात मराठा चेंबर १९३४ मध्ये. आपण या संस्थांना ‘चेंबर’ म्हणतो तेव्हा मनात खोली येत नाही, हेच या अर्थबदलाचे यश.

आता कॉम्रेड. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश सैन्यात एका खोलीत राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या शिपायांच्या टोळक्याला ‘कामारादा’ म्हणत. शब्द स्त्रीलिंगी आणि समूहवाचक, ‘खोलीभर माणसे’. हळूहळू त्या टोळक्यातल्या एकालाही तोच शब्द लागला. हॉस्टेलच्या भाषेत रूम पार्टनर. फ्रेंचांनी ‘कामाराद’ केले, इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या शेवटी पोचला. राजकारणाचा रंग त्याला फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात चढला. इथे अनेक लेख घसरतात. कॉम्रेड हा शब्द रशियातून आला असे बेधडक लिहिले जाते. रशियन क्रांतिकारक एकमेकांना ‘तवारिश’ म्हणत आणि जर्मन समाजवादी ‘गेनोसे’. जर्मनमध्ये ‘कामेराद’ राहिला तो शिपायांच्या तोंडी. इटलीत तर गंमतच झाली: कम्युनिस्ट एकमेकांना ‘कोंपान्यो’ म्हणत, म्हणजे एक भाकर वाटून खाणारा, आणि ‘कामेराता’ हे फॅसिस्टांचे संबोधन ठरले. मराठीत कॉ. डांगे यांच्या नावाआधी लागला तो ‘कॉ.’ इंग्रजीतून आलेला. हाच शब्द इटालियन वाटेने आला असता तर डांग्यांनी तो काठीनेही शिवला नसता.

राहिली ती बंद पोकळी. खोली म्हणजे चारी बाजूंनी बंद जागा, म्हणून हृदयाचा कप्पा, टायरची ट्यूब, बंदुकीत काडतूस बसते ती जागा. आपल्याकडे गटारावर लोखंडी झाकण असते त्यालाही ‘चेंबर’च म्हणतात आणि पावसाळ्यात ते उघडे राहिले की बातमी होते. ‘कोष्ठ’ या संस्कृत शब्दाने हाच प्रवास केला आहे: कोठार धान्याचे, कोठडी तुरुंगातली, कोठी श्रीमंताची, आणि ‘कोठा साफ नाही’ म्हणतो तो पोटातला. रशियन ‘कामेरा’ म्हणजे कोठडी कशी, असे कुणी विचारले तर त्याला कोष्ठाचे हे कुटुंब दाखवावे.

यंत्राची वाट या पोकळीतूनच जाते. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लरने प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात तिला ‘कामेरा ओब्स्कुरा’, अंधारी खोली, असे नाव दिले. १६२० मध्ये इंग्रज मुत्सद्दी हेन्री वॉटनने लिन्झला केप्लरकडे एक काळा तंबू पाहिला, गोल फिरवता येणारा, आत बसून चौफेर देखावा चितारता येईल असा. खोलीचा तंबू झाला, तंबूची पुढे पेटी झाली. त्या पेटीत फ्रेंच संशोधक निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास रसायन लावलेला पत्रा ठेवला आणि दृश्य टिकून राहिले. १८३९ मध्ये दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाल्यावर ‘ओब्स्कुरा’ गळून पडले, नुसता कॅमेरा उरला. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, तेव्हा मराठीत शब्द यायला फार वेळ लागला नसणार.

पायरी ६: परत आलेले शब्द ओळखा

वंशवृक्षाची चित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, वरून खाली फांद्या फुटलेली. मला ती आवडत नाहीत. शब्द वरून खाली वाहत नाहीत, ते उलटे येतात, वळसे घालतात. पोपच्या मृत्यूनंतर व्हॅटिकनचा कारभार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘कामेरलेंगो’ म्हणतात; एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस गेले ती घोषणा त्यानेच केली. शब्द इटालियन वाटतो. पण शेवटचा ‘-लेंगो’ हा जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या गटातला, ‘-लिंग’ आहे. लॅटिन ‘कामेरा’ फ्रँक लोकांनी घेतला, त्याला आपला प्रत्यय लावला आणि तो पुन्हा लॅटिनकडे परतला. इंग्रजी ‘चेंबरलेन’ याच बांधणीचा.

ग्रीकमध्ये याहून नाजूक प्रकार आहे. आजच्या ग्रीकमध्ये दुसऱ्या अक्षरावर जोर दिला तर तो शब्द कमान सांगतो, पहिल्या अक्षरावर दिला तर खोली. थेसालोनिकी शहरात सम्राट गॅलेरियसची कमान आहे, लोक तिला नुसते ‘कामारा’ म्हणतात. खोलीचा अर्थ असलेले रूप पश्चिमेकडून परत आलेले. फक्त जोर बदलला म्हणून दोन्ही एका भाषेत राहू शकले.

पोलिशमध्ये ‘कोमोरा’ म्हणजे कप्पा. त्याचे लाडके रूप ‘कोमुर्का’: लहान कोठी, शरीरातली पेशी, आणि बोलण्यात मोबाइल फोन, कारण मोबाइलचे जाळेही पेशींसारख्या कप्प्यांचे. म्हणजे पोलिश माणूस कोमुर्कातल्या ‘कामेरा’ने चित्रीकरण करतो. स्लाव्ह भाषांनी ‘कोमोरा’ लॅटिनकडून घेतला की ग्रीककडून, हा वाद आहे. रकान्यात ‘वादग्रस्त’ लिहा आणि पुढे चला.

पायरी ७: तोतये हाकलून द्या

सारखे दिसते ते सगळे आपले नसते. कॅमेरून देशाचे नाव पोर्तुगीज ‘कामारांव’वरून, म्हणजे कोळंबी; खलाशांनी तिथल्या नदीला कोळंब्यांची नदी म्हटले. जर्मनमध्ये खोलीला ‘त्सिमर’ म्हणतात, ऐकायला ‘कामर’च्या जवळचा, पण तो लाकूडकामाशी संबंधित जर्मानिक शब्द आहे, इंग्रजी ‘टिंबर’चा भाऊबंद. रशियन ‘कोम्नाता’ म्हणजेही खोलीच, मात्र तिचे मूळ चूल किंवा शेकोटी असलेल्या खोलीच्या लॅटिन नावात आहे.

मराठी माणसाला सर्वांत मोठा मोह ‘कमान’चा पडतो. ग्रीक ‘कामारा’ म्हणजे कमान, आपली कमान म्हणजे कमान, झाले! आपली कमान फारसीतून आली आणि तिथे तिचा अर्थ धनुष्य. ‘तीर-कमान’मध्ये तो अजून जिवंत आहे. ‘कमर’ही फारसीच्याच वाटेने आली. आणि चेंबूरचा चेंबरशी संबंध जोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना चहा पाजावा आणि विषय बदलावा.

काही नोंदी अधांतरी राहतात. इंग्रजी ‘चम’, म्हणजे जवळचा मित्र, हा सतराव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘चेंबर’मधून पाडलेला तुकडा असावा असे म्हणतात. शक्य आहे. वहीत ‘शक्य’ एवढेच लिहायचे.

पायरी ८: बंदरापर्यंत या

लॅटिन शब्द भारतात मुख्यतः दोन गलबतांतून आले, पोर्तुगीज आणि इंग्रजी. पोर्तुगीज ‘कामरा’ आपल्याला हिंदी ‘कमरा’ देऊन गेला. रोजच्या मराठीत आपण ‘खोली’च म्हणतो, कमरा आपल्याकडे हिंदी सिनेमा आणि गझल घेऊन येतात. गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज अंमल होता, तिथे ‘कामरा मुनिसिपाल’ म्हणजे नगरपालिका. सभेच्या अर्थाची वाट तिथपर्यंत पोचली होती. भूमध्य समुद्रातल्या माल्टात खोलीला ‘कामरा’ म्हणतात आणि दिल्लीत ‘कमरा’. दोन्हीकडे हा शब्द समुद्रमार्गे आला, पण वेगवेगळ्या जहाजांतून.

भारतीय बाजूची पडताळणी करायला शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा मराठी कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश मोफत आहे. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात शब्द असेल तर तो त्याआधी मराठीत होता एवढे नक्की. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. गोव्यातल्या असागावचे सेबॅस्टियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ मध्ये मोठे काम प्रसिद्ध केले. पाव-पगारापासून पुढे जायचे असेल तर तिकडे वळावे.

नोंद लिहिताना

माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘कॉम्रेड, मराठी, साम्यवादी कार्यकर्ता, संबोधन, इंग्रजीतून, इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून, फ्रेंचमार्गे स्पॅनिश कामारादा, पक्के. मराठीतली पहिली नोंद: शोधायची.’ शेवटचा शब्द लिहायची लाज वाटू देऊ नका. रिकामा रकाना पाहिला की हात शिवशिवतो आणि माणूस अंदाजाने तो भरतो. पुढच्या वर्षी तोच अंदाज आपल्याला पुरावा वाटायला लागतो.

सरावाला पुढचा शब्द म्हणून ‘चावी’ घ्या. लॅटिन ‘क्लाव्हिस’पासून पोर्तुगीज ‘शाव्ह’. इथला च-श फ्रेंच नियमाचा नाही, पोर्तुगीजने लॅटिन ‘क्ल’चे जे केले त्याचा आहे, म्हणून तिसऱ्या पायरीला नीट वेळ द्या, वाटेत पोपच्या निवडणुकीचे ‘कॉन्क्लेव्ह’ही भेटेल, कुलूपबंद खोली. ‘पगार’ अर्थाच्या बाजूने अधिक रंगतो, कारण त्याच्या मुळाशी शांत करणे, समजूत घालणे असा लॅटिन अर्थ आहे आणि पहिल्या तारखेला तो कुणालाही पटतो. ‘साबण’ मात्र सुरुवातीला घेऊ नका. तो पोर्तुगीजांनी आणला की त्याआधी अरबी-फारसीतून आला होता, हे ठरवताना दोन्ही वाटा एकाच लॅटिन शब्दाकडे जातात आणि ध्वनीवरून निवाडा होत नाही. तिथे फक्त तारखा बोलतात, आणि त्या मिळवायला जुने कागद चाळावे लागतात.